मायांचे पिरॅमिड, साडेबारा टक्क्यांचं कर्ज आणि एक पॉलिसी

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४६, खासगी नोकरी, घरखर्च महिना ७० हजार, हातात उरतात ३५ हजार. मुलगी ह्यूस्टनला एमएस करतेय. तिच्या २२ लाखांच्या शैक्षणिक कर्जाला हे सहकर्जदार. डिसेंबरात तिघांनी मेक्सिकोत गाडी भाड्याने घेऊन चिचेन इत्सा, उश्माल, पालेंके हे माया संस्कृतीचे अवशेष, तुलुमचा किनारा आणि जमलं तर शेजारचा बेलीझ देश असं १२ दिवस फिरायचं. अंदाज ८ लाख. मेमध्ये पदवीदानासाठी पुन्हा अमेरिकेला जायचंच आहे, त्या तिकिटांचे पैसे वेगळे ठेवलेत. प्रश्न असा: ६ लाखांची एफडी मोडू की साडेबारा टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ?

आणि शेवटी एक ओळ: "लोन फेडायची काळजी नाही. बँकेतून पॉलिसी घेतली आहे, तीन हप्ते झाले की पैसे काढता येतात असं मॅनेजर म्हणाले. तिसरा हप्ता २० ऑगस्टला आहे."

एफडीही मोडू नका, लोनही घेऊ नका. ८ लाखांचं लोन पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता १८ हजार आणि व्याज पावणेतीन लाखांच्या वर. एफडी तर तुमची एकमेव गंगाजळी आहे. पण मला खरी काळजी वाटते ती त्या शेवटच्या ओळीची.

तुम्ही पाठवलेल्या कागदांप्रमाणे दरसाल दीड लाख, दहा वर्षं, म्हणजे १५ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर २४ लाख घ्यायचे. परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते तर साधारण ३१ लाख झाले असते. "तीन हप्त्यांनंतर पैसे काढता येतात" याचा अर्थ पॉलिसी सरेंडर करणं, म्हणजे मुदतीआधीच मोडणं, आणि त्यात साडेचार लाख भरून त्याहून कमीच हाती येतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचा मला राग येतो. साडेचार टक्क्यांच्या भरवशावर साडेबारा टक्क्यांचं कर्ज काढायला निघालात, ते त्या अर्धवट वाक्यामुळे.

त्याहून वाईट पुढे आहे. या पॉलिसीचं विमाछत्र १५ लाख, आणि दुसरा विमा तुम्हाला नाही. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर १५ लाखांतून मुलीचं कर्जसुद्धा फिटत नाही. वरचे सात लाख आणि घरखर्च पत्नीच्या डोक्यावर. तुम्हाला किमान दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा हवा. निर्व्यसनी आणि तब्येत ठीक असेल तर साठीपर्यंतचा हप्ता वर्षाला तीस-पस्तीस हजारांच्या आसपास बसेल. आधी तो घ्या. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुनीला हात लावा.

जुनीचं काय? तिसरा हप्ता भरू नका, ती पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. दोन हप्ते भरलेत, म्हणजे मुदतीअखेर साधारण तीन लाख परत. यापुढच्या हप्त्यांचा हिशेब वेगळा होतो हे खरं. गेलेलं गेलं असं धरून पुढच्या बारा लाखांवर परतावा सहाच्या घरात जातो. तरी तो पीपीएफपेक्षा कमीच. सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत दोन्ही विमा कंपनीकडून लेखी मागवा, मॅनेजरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

आता सफर. ती व्हावी असं मलाही वाटतं. फक्त डिसेंबर सोडा आणि पदवीदानालाच जोडा. मुंबई-अमेरिका तिकिटं दोनदा काढायचं कारण नाही. ह्यूस्टनहून मेक्सिकोतलं कानकून विमानाने अडीच तासांवर आहे. तुमच्या अंदाजातले पावणेतीन लाख तिथेच वाचतात. वैध अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

पालेंके आणि बेलीझ गाळा. पालेंके तिथल्या मेरिदा शहराहून पाचशे किलोमीटरच्या वर, आणि भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेऊ द्यायला बहुतेक कंपन्या तयार नसतात. कानकून, वायादोलिद, चिचेन इत्सा, मेरिदा, उश्माल, मग तुलुमवरून परत. हजार किलोमीटरच्या आत बसतं. साइटवर दिवसाला पाच-सात डॉलरला दिसणारी गाडी काउंटरवर तेवढ्यात मिळत नाही. थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा आहे, मुलगी पंचवीसच्या आत असेल तर तिने चालवण्याचे जादा पैसेही पडतात. तो खर्च आधीच धरा.

मेमध्ये ऊन कडक असतं, तेव्हा अवशेष सकाळी आठला दार उघडताच बघा. तुलुमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत सार्गासम शेवाळ येऊन पडतं, पाणी तपकिरी होतं. पोहायला सेनोते, म्हणजे गोड्या पाण्याची नैसर्गिक कुंडं आहेत, आणि इस्ला मुहेरेस बेटाचा उत्तर किनारा सहसा स्वच्छ राहतो. नाताळापेक्षा खोल्याही स्वस्त. तिघांचं चार लाखांत होईल.

महिना ३५ हजार दहा महिने बाजूला टाकलेत तर साडेतीन लाख. न भरलेल्या हप्त्यातून टर्मचा हप्ता गेला तरी लाख-सव्वा लाख उरतात. पुढच्या वर्षापासून ते दीड लाख पीपीएफमध्ये. २० ऑगस्टनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्म प्लॅन हातात यायला हवा. अर्ज या आठवड्यातच भरा, आणि बँक खात्यावरून त्या हप्त्याची आपोआप वजावट लावलेली असेल तर ती आजच बंद करा.