काइट बग्गी चार वेळा चालवली आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या आठवडाभराच्या शर्यतीत नाव नोंदवू का? आधी जास्त वेगाची बग्गी घ्यावी का?

नोंदवा. सोबत एखादं जाडजूड पुस्तकही न्या, कारण दिवसाला तासभर प्रत्यक्ष धावायला मिळालं तरी खूप. बाकीचा वेळ ओहोटीची वाट बघण्यात, वाऱ्याची वाट बघण्यात आणि कुठला पतंग उलगडायचा या एका प्रश्नावर डोकं खाजवण्यात जातो. मी अशी सहा दिवसांची एक शर्यत पूर्ण केली आणि एकतीस जणांत सत्ताविसावा आलो. तेव्हा जिंकायचं कसं हे मला विचारू नका. हरायचं कसं, ते मात्र तपशीलवार सांगतो.

नवी बग्गी नको. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: बग्गी म्हणजे तीन चाकांचा पोलादी सांगाडा आणि जमिनीलगत झोळीसारखं आसन. पुढचं चाक पायांनी वळवायचं, हातात पतंगाच्या मुठी. इंजिन नाही, ब्रेकही नाही. कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. टोल घोड्यांच्या संख्येवर असायचा आणि या गाडीला घोडाच नव्हता, म्हणून ती फुकट जायची असा किस्सा सांगतात. आजची पायांनी वळवायची बग्गी १९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांच्यामुळे पसरली. सांगायचा मुद्दा, हा सांगाडा इतका साधा आहे की तुमच्या पातळीवर वेगाचा फरक त्याच्यामुळे पडतच नाही. फरक पडतो पतंगामुळे, आणि त्याहून जास्त पतंग निवडण्यामुळे.

आठवड्याचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आमच्याकडे रविवारी सकाळी नऊला पाणी सगळ्यात मागे होतं, शुक्रवारी तीच वेळ दुपारी एकच्या पुढे गेली. आदल्या शुक्रवारी पौर्णिमा होती, म्हणून रविवारी ऐन उधाण. पाणी इतकं मागे गेलं होतं की किनारा मैदानासारखा पसरला होता, आणि ओली घट्ट वाळू म्हणजे चाकांना जणू डांबरी रस्ता. पुढे उधाण ओसरत भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती-ओहोटीचे दिवस, जवळ येतो तसं ओहोटीचं पाणी रोज थोडं कमी मागे जातं. शुक्रवारपर्यंत आमची पट्टी जवळजवळ निम्मी राहिली होती. बग्ग्या तेवढ्याच, पतंगांच्या दोऱ्या तेवढ्याच लांब, जागा मात्र निम्मी. नवख्याची खरी परीक्षा शेवटच्या दोन दिवसांत होते ती यामुळे. पहिल्या दिवशीच्या ऐसपैस किनाऱ्यावर सगळेच शूर असतात.

आता पतंगाचं. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. वारा ताशी २० किलोमीटरवरून ३० वर गेला की ओढ दीडपट नाही, सव्वादोनपट होते. वर बग्गी पळायला लागली की समोरचा वाराही त्यात मिसळतो, म्हणजे पतंगाला जाणवणारा वारा आणखी जोरदार आणि आणखी समोरून येणारा. उभं राहून वारा जोखला आणि 'नऊ मीटरचा चालेल' म्हटलं, तरी धावताना तोच पतंग अंगावर येऊ शकतो. मीटर म्हणजे इथे चौरस मीटर, पण किनाऱ्यावर 'चौरस' कुणीच म्हणत नाही.

बुधवारी मी हीच चूक केली. सकाळपासून वारा मरगळलेला. जुने गडी पतंगांच्या पिशव्यांवर डोकं ठेवून झोपलेले. मला वाटलं, हलक्या वाऱ्यात मोठा पतंग घेतला तर आज तरी पहिल्या दहांत येऊ. साडेअकरा मीटरचा उलगडला. शेजारच्या एका काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "ते ढग बघितलेस का?" मी बघितले होते, पण ते लांब होते! शर्यत सुरू झाली आणि पहिल्या वळणापर्यंत मी खरंच सातवा होतो. मग ढगांच्या पुढून येणारा गार झोत आला. पतंग माथ्यावर नेला की ओढ कमी होते असं शिकवतात, आणि एरवी ते खरं आहे. पण झोतात माथ्यावरचा पतंग तुम्हाला उचलतो. मी आसनातून सुटलो, वाळूवर पोटावर दहा-बारा मीटर घसरलो, तेव्हा कुठे मुठी सोडायचं सुचलं. मुठी सोडल्या की मनगटाच्या पट्ट्या फक्त मागच्या दोऱ्या ताणून धरतात, पतंगाच्या कापडी कप्प्यांतली हवा निघते आणि तो फडफडत खाली येतो. तसंच झालं. बग्गी एकटीच थोडं पुढे जाऊन थांबली. या पडण्याला या खेळात 'आउट ऑफ बग्गी एक्स्पीरिअन्स' म्हणतात आणि संध्याकाळी त्याच्या गोष्टी मिटक्या मारत सांगतात. झोपलेल्या गड्यांनी तोवर पाच-सहा मीटरचे पतंग लावून पुढची फेरी आरामात पूर्ण केली होती.

म्हणून माझा सल्ला: पिशवीत तीन पतंग हवेत, लहान, मधला, मोठा. सुरुवातीच्या आधी तुमच्या वजनाच्या जुन्या खेळाडूने काय उलगडलंय ते बघा आणि त्याच्याहून एक माप लहान घ्या. लाज वाटेल, वाटू द्या. मुठी सोडायचा सराव मात्र जायच्या आधी घरचा अभ्यास म्हणून करा. मला ते 'सुचावं' लागलं, तो हाताचा गुण व्हायला हवा होता.

वेगाबद्दल आणखी एक. शर्यतीत सरळ पळणं सगळ्यांना जमतं. चांगले खेळाडू आडव्या वाऱ्यात वाऱ्याच्याही दुप्पट वेगाने जातात, तुम्हीही हळूहळू जाल. पण शर्यतीच्या वाटेवरची एखादी खूण वारा येतो त्या दिशेला असली की तिथपर्यंत नागमोडी चढावं लागतं, आणि माझे सगळे नंबर तिथेच गेले. वळताना मी पतंग उशिरा फिरवायचो, तो नव्या बाजूला ओढ धरेपर्यंत बग्गी वाऱ्याबरोबर खाली घसरायची. दर वळणाला दहा-पंधरा मीटर तोटा, आणि एका चढाला आठ वळणं. हिशोब तुम्हीच करा. तुमच्याकडे महिनाभर असेल तर फक्त ही वळणं घोटा.

नियम आयोजक सकाळच्या बैठकीत सांगतात, पण दोन अंगात मुरवून जा. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे सरकायचं. आणि शेजारून जाताना वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या, म्हणजे वारा आधी ज्याच्याकडे येतो त्या, खेळाडूने पतंग वर न्यायचा, खालच्या बाजूच्याने खाली आणायचा. इथे पेच लढवण्यात काही मौज नाही. या दोऱ्या प्रचंड मजबूत असतात, पण ताणलेली दोरी दुसरीवर घासली की उष्णतेने क्षणात वितळून तुटते, आणि मग दोघंही घरी.

गुणांची पद्धत बहुतेक ठिकाणी शिडाच्या शर्यतींसारखीच: पहिल्याला कमी गुण, बेरीज कमी त्याचा नंबर वर, पुरेशा फेऱ्या झाल्या तर सगळ्यात वाईट फेरी वगळतात. माझी बुधवारची अशीच वगळली गेली. उगाच नाही सत्ताविसावा आलो, नाहीतर एकोणतिसावा होतो.

सामानात हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची पॅडं, वाळू रोखणारा चष्मा आणि कडक तळाचे बूट हवेतच. शिवाय चाकांची दोन जादा बेअरिंगं आणि ती काढायचा पाना. खारं पाणी आणि बारीक वाळू मिळून बेअरिंग चार दिवसांत खातात. माझं डावं मागचं चाक गुरुवारी दळणासारखा आवाज करायला लागलं. त्याच काकांनी न विचारता त्यांच्या डब्यातून एक काढून दिलं आणि वर म्हणाले, "रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं असतंस तर लागलं नसतं." पतंगही रोज उलटा धरून झटका, त्याच्या कप्प्यांत ओंजळभर ओली वाळू राहिली तरी हलक्या वाऱ्यात तो उठत नाही.