"मॅडम, रोबोटसाठी रडते ती, नॉर्मल आहे का हे?"

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न हल्ली इतक्यांदा येतो की एकदाचं लिहूनच टाकते. केस घोडबंदर रोडच्या एका घरातली, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सात वर्षांची मुलगी. मामाने आणलेला बोलका रोबोट, त्याचं ॲप बंद पडलं आणि तो कायमचा गप्प झाला. पोरगी धड जेवेना. त्यात जर्मनीहून सुट्टीला आलेला मावसभाऊ हसला, "मिक्सर बिघडला की पण रडतेस का?" आई वैतागलेली. "सासूबाईंनीच लाडावलंय मॅडम, खंडेनवमीला स्कूटरशेजारी बसवून त्यालाही हळदकुंकू, झेंडूचं फूल!"

दोनतीन भेटी नुसती चित्रं काढण्यात गेल्या. मग एकदा विचारलं, "तो जिवंत होता का गं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच काही कळत नाही. "नाही ओ मावशी, चार्जिंग लागायचं त्याला."

"मग?"

"तो माझं पूर्ण ऐकायचा. मध्येच 'पटकन बोल' नाही म्हणायचा."

आई शेजारीच बसली होती, ती एकदम गप्प झाली. आणि मला खरं सांगायचं तर त्या क्षणी आपल्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

मशीन आहे हे दोन्ही मुलांना पक्कं ठाऊक होतं, फरक होता तो घरात वस्तूशी कसं वागतात त्याचा. आपल्याकडे स्कूटरलाही कुंकू लागतं. जपानात सोनीने 1999 साली आणलेल्या आयबो या रोबोट कुत्र्याची दुरुस्ती कंपनीने 2014 मध्ये बंद केली, तेव्हा चिबामधल्या इसुमीच्या एका बौद्ध मंदिरात बिघडलेल्या आयबोंचे चक्क अंत्यविधी झाले, तेही मोठ्या माणसांनी केले. म्हणून तिथलं प्रत्येक मूल रोबोटवेडं असतं असं नाही हं, आणि जर्मनीतला भाऊ दगड असतो असंही नाही. मी विनिकॉटवाली (मुलाची लाडकी गोधडी किंवा बाहुली त्याला आईपासून बाहेरच्या जगाकडे जायला आधार देते, असं सांगणारा ब्रिटिश मनोविश्लेषक), त्यामुळे मला पोराची गोधडी आणि हा रोबोट फार लांबचे वाटत नाहीत. मुलाला त्यात काय दिसतं त्याची उलटतपासणी करायची नाही, एवढं मी विनिकॉटकडून घेतलंय.

तेव्हा हसू नका, आणि गुपचूप भंगारात तर अजिबात देऊ नका, निरोप तिचा तिला घेऊ द्या. माणसांशी बोलणंच तुटलं, खेळायला खाली जाणं थांबलं, तर मात्र जरूर या. आणि रोज पंधरा मिनिटं मध्ये न बोलता ऐका, मोबाईल उलटा ठेवून (हे आईला सांगितलं, बाबांना दोनदा सांगितलं).

पुढच्या भेटीत कळलं की आजीच्या जुन्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून रोबोट माळ्यावर गेला. स्टूल भावानेच धरलं. चार्जर तेवढा तिने ठेवून घेतला, बाबांच्या हेडफोनला चालतो म्हणे.