द्वेष नाही म्हणता, मग रेसिझम कसा? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की पुढच्या वेळी रेसिझमवर बोलू, प्रश्न पाठवा, तर एवढे मेल आले की मलाच घाम फुटला. निम्म्या लोकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, म्हणून तोच आधी घेते.

प्रश्न: ऑफिसच्या ग्रुपवर मी एक जोक फॉरवर्ड केला, एका वंशाच्या लोकांच्या दिसण्यावरून होता पण अगदी साधा होता. टीममधल्या एकीने पर्सनलवर मेसेज केला की हा रेसिस्ट आहे. माझ्या मनात कुणाबद्दल काडीचाही द्वेष नाही, टीममध्ये त्याच वंशाचा एकजण आहे, माझा चांगला दोस्त आहे, तोसुद्धा हसला. मग मी रेसिस्ट कसा?

उत्तर: ह्यात थोडा दोष आपल्या मराठी शब्दाचा आहे असं मला नेहमी वाटतं. आपण रेसिझमला वर्णद्वेष म्हणतो, आता शब्दातच द्वेष आहे म्हटल्यावर माणूस आधी स्वतःच्या मनात डोकावतो, तिथे द्वेष काही सापडत नाही, कारण बहुतेकांच्या मनात तो खरंच नसतो, आणि मग म्हणतो चला, सुटलो. त्यापेक्षा वंशभेद हा शब्द बरा. भेद झाला की नाही हे बघायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही, ते बाहेरून दिसतं.

आणि हे काही माझं डोकं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर १९६५ ला वंशभेदाविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला त्याच्या पहिल्याच कलमात व्याख्या आहे: वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ ह्यावरून केलेला असा कुठलाही फरक, ज्याचा हेतू किंवा परिणाम लोकांचे समान हक्क मारण्याचा असेल. ‘हेतू किंवा परिणाम’. त्या ‘किंवा’वर पुढची सगळी भांडणं उभी आहेत. हेतू नसला पण परिणाम झाला तरी चालतं, म्हणजे चालत नाही.

तुमचा जोक काही ह्या कराराखाली येणार नाही, घाबरू नका. तुम्ही रेसिस्ट आहात का हेही मी सांगू शकत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. पण जोक रेसिस्ट होता का हे तपासता येतं, त्यातून वंश काढून टाका आणि बघा हसण्यासारखं काही उरतं का. उरत नसेल तर तुम्ही हसलात ते त्या लोकांवरच. राहिलं दोस्ताचं. बारा जणांच्या ग्रुपमध्ये तो एकटा आहे, तो काय करणार हो? नाही हसला तर ह्याला साधा जोक कळत नाही, आणि हसला तर पुढचा जोक तयार. ग्रुपवर प्रत्येक मेसेजची वेळ दिसते, बाकीच्यांचे हसरे चेहरे किती वाजता आले आणि त्याचा किती वाजता आला ते एकदा स्क्रोल करून बघा.

प्रश्न: वंश असं विज्ञानात काही नसतंच म्हणे. मग जी गोष्ट नाही तिच्यावरून भेदभाव कसा होईल?

उत्तर: वंश म्हणजे माणसांचे पक्के वेगळे डबे, असं निसर्गात खरंच नाही. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखा असतो, आणि रिचर्ड लेवोन्टिन ह्या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच दाखवलं होतं की माणसामाणसांत जो काय जनुकीय फरक आहे त्यातला ८५ टक्क्यांच्या आसपास एकाच गटाच्या आत सापडतो, गटागटांत नाही.

पण म्हणून भेदभाव खोटा ठरत नाही, उलट आणखी वेडगळ ठरतो. दक्षिण आफ्रिकेत १९५० मध्ये कायदा झाला की प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद करायची. आता नोंद करायची तर ठरवायचं कसं? जिथे शंका असेल तिथे केसांत पेन्सिल खोचून बघायचे. पेन्सिल घसरून पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. कुठल्या वस्तीत राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं नोंदीवर, आणि नोंद कधीकधी एका पेन्सिलीवर. १९६६ मध्ये तर एका दहा वर्षांच्या मुलीला, आईबाप दोघं गोरे असताना, गोऱ्यांच्या शाळेतून काढलं आणि सरकारी कागदावर तिचा वंश बदलून टाकला, कारण तिचा रंग आणि केस लोकांच्या डोळ्यांवर आले. बापाने लढून लढून पुढच्या वर्षी तो परत बदलून घेतला. म्हणजे त्या पोरीचा वंश दोन वर्षांत दोनदा बदलला, आणि ती तीच होती.

प्रश्न: आता कुठल्याच कायद्यात ‘काळ्यांना प्रवेश नाही’ असं लिहिलेलं नसतं. नियम सगळ्यांना सारखा. तरी लोक ‘सिस्टमिक रेसिझम’, म्हणजे व्यवस्थेतच मुरलेला वंशभेद, असं म्हणतात. हे ओढूनताणून नाही का?

उत्तर: कधीकधी ओढूनताणून असतं, त्यावर येतेच. पण आधी एक केस सांगते, मला ती फार आवडते कारण तिच्यात कुणी व्हिलन नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीजकेंद्र होतं, ९५ कामगार, त्यातले १४ काळे, आणि ते सगळेच्या सगळे मजूर विभागात, कारण बाकी चार विभागांत त्यांना घेतच नसत. मजूर विभागातला सगळ्यात जास्त पगार हा दुसऱ्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी होता. मग भेदभावाविरुद्धचा कायदा जुलै १९६५ मध्ये लागू झाला आणि कंपनीने उघड बंदी उठवली. पण वरच्या विभागात जायचं तर हायस्कूल पास पाहिजे, नाहीतर दोन परीक्षा पास करा. नियम सगळ्यांना सारखा, बरोबर? आता त्या राज्यात काळ्यांच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या आणि दुय्यम होत्या, त्यामुळे हायस्कूल पास काळे कमी. आणि गंमत म्हणजे नियम येण्याआधी भरती झालेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार त्याच विभागांत वर्षानुवर्षं काम करत होते आणि छान करत होते. म्हणजे त्या कामाला त्या सर्टिफिकेटची गरजच नव्हती! १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की कंपनीचा हेतू वाईट नव्हता असं धरलं तरी हा नियम चालणार नाही, कारण तो एका गटाला बाहेर ठेवतो आणि कामाशी त्याचा संबंध दाखवता येत नाही.

ह्या निकालातले दोन्ही अर्धे भाग लक्षात ठेवा, लोक आपापल्या सोयीने एकच धरतात. नुसता आकड्यांत फरक दिसला म्हणजे रेसिझम झाला असं नाही, नियम कामासाठी खरंच लागत असेल तर तो राहतो, वैमानिकाची नजर तपासणारच ना. पण नियम लागत नसेल आणि तरी एकाच बाजूची माणसं गळत असतील तर ‘आम्ही तर वंशाचा उल्लेखही केला नाही’ हे उत्तर पुरत नाही. उल्लेख न करता काम साधणं ही तर जुनी कला आहे. त्याच अमेरिकेत ओक्लाहोमाने १९१० मध्ये मतदारांसाठी लिहिता-वाचता येण्याची परीक्षा ठेवली आणि ज्यांचे पूर्वज १ जानेवारी १८६६ ला मत द्यायला पात्र होते त्यांना ती माफ केली. वंशाचं नावसुद्धा नाही, नुसती एक तारीख. काळ्या पुरुषांना देशभर मताचा हक्क मिळाला १८७० मध्ये, त्यामुळे त्या तारखेला पात्र कोण असणार ते तुम्हीच बघा. १९१५ मध्ये कोर्टाने ते रद्द केलं.

आणि हल्ली तर नियम करायलाही माणूस लागत नाही. बोटाला लावतो ते ऑक्सिमीटर, त्यावर २०२० मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला, तर रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही मशीनने ठीक दाखवायचं प्रमाण काळ्या पेशंट्समध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. मशीनला काय द्वेष असणार. प्रकाश त्वचेतून जातो, गडद त्वचेत रीडिंग चुकतं, आणि बनवताना तपासलं गेलं ते जास्त करून फिक्या त्वचेवर. दोष कुणाचा ते नंतर ठरवा, पण ह्याला ‘कुणाच्या मनात काही नव्हतं’ म्हणून सोडून द्यायचं का, तिकडे बेडवर माणूस आहे.

प्रश्न: देशात येणाऱ्या परक्यांच्या संख्येवर मर्यादा असावी एवढं म्हटलं तरी लगेच रेसिस्ट म्हणतात. आता राजकारणावर बोलायचंच नाही का?

उत्तर: बोला की. किती लोकांना घ्यायचं हा कुठल्याही देशाचा खराखुरा प्रश्न आहे, घरं किती, नोकऱ्या किती, शाळा किती, आणि ज्याला त्याला रेसिस्ट म्हणून गप्प करणाऱ्यांनी त्या शब्दाची धार घालवली आहे असं माझं स्पष्ट मत आहे, मग खरा वेळ येतो तेव्हा कुणी ऐकत नाही.

मी एवढंच बघते की बोलणं ‘किती’वर आहे की ‘कोण’वर. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घातली ती १९४३ पर्यंत चालली, ती ‘कोण’वर होती आणि तसं नावच कायद्याला होतं. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये जास्त हुशारी केली. येणाऱ्याला ५० शब्दांचं डिक्टेशन घ्यायचं, कुठल्याही युरोपीय भाषेत, आणि भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार. इंग्लिश येत असेल तर दुसरी काढा. नापास करायचं हे आधीच ठरलेलं, मग परीक्षा. आणि असं हत्यार एकदा हातात आलं की ते वंशापुरतं राहत नाही: १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या युरोपातल्या डाव्या पत्रकाराला आत येऊ द्यायचं नव्हतं, माणूस गोरा, पण राजकारण नको होतं, त्याला बऱ्याच भाषा येत होत्या म्हणून डिक्टेशन दिलं स्कॉटिश गेलिकमध्ये! प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्ट म्हणालं ही त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच धरता येणार नाही. स्कॉटलंडवाले किती चिडले असतील.

आता उघड कायदे गेले, त्यामुळे काम शब्दांवर आलं. ह्याला डॉग व्हिसल म्हणतात, कुत्र्याची शिट्टी, जी कुत्र्याला ऐकू जाते आणि माणसाला नाही. नेता ‘त्या वस्त्या’, ‘तसले लोक’ म्हणतो, वंशाचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळतं आणि पकडलं तर ‘मी कुठे काय म्हणालो’. ओळखायचं कसं? त्याने गुन्ह्याबद्दल बोलताना दुसऱ्या वंशाच्या गुन्हेगाराला तेच शब्द वापरलेत का बघा. गोऱ्याने केलं तर ‘एक माथेफिरू’ आणि दुसऱ्याने केलं तर ‘ही जमातच तशी’ असं असेल तर शिट्टी वाजली.

आणि हे नुसतं भाषणात राहत नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या सरकारी मदतीत फसवणूक शोधताना टॅक्स खात्याने दुहेरी नागरिकत्व हा संशयाचा एक निकष धरला. हजारो कुटुंबांना चुकीने लबाड ठरवून मोठमोठ्या रकमा परत मागितल्या, घरं मोडली, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्खं सरकार राजीनामा देऊन गेलं.

प्रश्न: गोऱ्यांविरुद्ध रेसिझम असूच शकत नाही असं माझी मुलगी कॉलेजातून शिकून आली आहे. खरं आहे का?

उत्तर: तुम्ही दोघी एकच शब्द दोन अर्थाने वापरताय. समाजशास्त्रात एक मत असं आहे की पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे रेसिझम, ज्याच्या हाती सत्ता नाही त्याचा तो नुसता पूर्वग्रह. समाज समजून घ्यायला ही व्याख्या कामाची आहे. पण कायदा असं म्हणत नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच सांगितलं की नोकरीतल्या वंशभेदाविरुद्धचं संरक्षण गोऱ्यांनाही आहे. रंगावरून कुणाला कामावरून काढलं तर तो कुठल्याही रंगाचा असो, भेद झालाच. मात्र मागे ठेवलेल्या गटासाठी काही काळ घेतलेले खास उपाय १९६५ च्या कराराने भेदभावातून स्पष्टपणे वगळले आहेत, त्यामुळे तशा प्रत्येक योजनेला ‘उलटा रेसिझम’ म्हणणं मला पटत नाही. ह्यावर एकमत नाही हेही खरं, अमेरिकेच्या कोर्टाने २०२३ मध्ये कॉलेज प्रवेशात वंश बघणं जवळपास बंदच केलं. मुलीशी भांडू नका, कुठली व्याख्या घ्यायची ते आधी ठरवा, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

प्रश्न: जातिभेद हा रेसिझम आहे का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

उत्तर: एका शब्दात नाही जमणार, तीन घ्या: वंश नाही, कूळ. जाती म्हणजे वेगवेगळे वंश, हे बाबासाहेब आंबेडकरांनीच खोडून काढलं होतं. पण करारात ‘कूळ’ हा शब्द आहे, आणि २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने सांगितलं की जातीवरचा भेद त्यात येतो. भारत सरकारला ते मान्य नाही. मला समितीचं पटतं.

प्रश्न: ‘तुम्ही मूळचे कुठले?’ एवढं विचारणंही आता रेसिस्ट झालंय का?

उत्तर: एकदा विचारलं तर गप्पा. मी एका ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला इथलाच. मी म्हटलं हो, पण मूळचे? तो म्हणाला, इथलाच, ह्याच शहरात जन्मलो. मी परत, नाही म्हणजे आधीचे, घराणं वगैरे? तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं आणि मला तो कुठल्या हॉस्पिटलमध्ये जन्मला ते सांगितलं, कितव्या मजल्यावर तेही सांगितलं. मी त्या शहरात चार दिवसांपूर्वी आले होते. मला कुणीच विचारलं नव्हतं.