वाचकांचे प्रश्न : बोटीवरचं बिऱ्हाड आणि गाम्बियाकाठचं गाव

प्रश्न : आम्ही नवराबायको आणि सात व दहा वर्षांची दोन मुलं शिडाच्या बोटीवरच राहतो. जानेवारीत पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया देशाच्या राजधानीहून, बांजूलहून, गाम्बिया नदीत वर जायचं आहे. पर्यटक फारसे उतरत नाहीत अशा गावापाशी तीन-चार दिवस थांबायचा विचार आहे. नांगर कुठे टाकावा, गावात कसं जावं?
(एक वाचक, मुक्काम केप व्हर्दे)

उत्तर : जानेवारी उत्तम. नोव्हेंबर ते मे कोरडा ऋतू, डासही पावसाळ्यापेक्षा कमी. तरी मलेरियाची प्रतिबंधक गोळी चौघांनाही हवी. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला कागदपत्रांत ठेवा.

या नदीला उतार जवळजवळ नाहीच. म्हणून भरती-ओहोटी नदीत बऱ्याच आत असलेल्या जांजानबुरे गावाच्याही वर जाणवते आणि साधारण सहा तासांनी प्रवाह उलटतो. भरतीबरोबर वर चढा, ओहोटीला थांबा. डिझेल निम्म्यावर येतं. फाराफेनीजवळ २०१९ साली सुरू झालेल्या पुलाखालून जावं लागतं. डोलकाठीची उंची अँटेनासकट मोजा आणि भरतीच्या वेळी पुलाखाली किती जागा उरते ते बांजूल बंदरातच विचारून घ्या.

नांगर गावाच्या धक्क्यासमोर नको. तिथे मासेमारीच्या होड्या लागतात, रात्री जाळी सोडलेली असतात आणि त्यांची खूण म्हणजे बहुधा प्लास्टिकची बाटली, अंधारात न दिसणारी. धक्क्यापासून दोनतीनशे मीटर लांब, वळणाच्या आतल्या बाजूला थांबा. साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करा : ओहोटीला ४ मीटर पाणी, वर दीड मीटर भरती, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची सव्वा मीटर, मिळून पावणेसात. त्याच्या पाचपट, म्हणजे ३४ मीटर साखळी. तळ चिकट गाळाचा आहे, नांगर छान धरतो. पण प्रवाह फिरला की तो उपटला जाऊन पुन्हा रुतावा लागतो. पहिल्या दोन पालटांना कुणीतरी डेकवर जागं राहावं. गाळामुळे इंजिनाच्या थंड पाण्याची गाळणी तुंबते, ती रोज उघडून धुवा. तापमानाचा काटा चढू लागला की आधी गाळणी, मग इम्पेलर (थंड पाणी ओढणाऱ्या पंपातलं फिरतं चाक) बघा.

आता गाव. हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उतरल्यावर आधी फोटो नाही, फेरफटका नाही. आधी अल्कालोचं, म्हणजे गावप्रमुखाचं घर विचारायचं. सोबत कोलाच्या, म्हणजे तिथे चघळतात त्या कडसर बिया न्या. आपल्याकडे पानसुपारी पुढे करतात तोच हा मान. बांजूलच्या बाजारात घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सुकून सुरकुतलेल्या बिया देऊ नयेत. गाव बहुधा मुस्लीम असतं : 'अस्सलामु अलैकुम' म्हणा, मग घरच्यांची, कामाची विचारपूस होऊ द्या. ती लांबते, घाई करू नका. बोट कुठे उभी आहे, किती दिवस थांबणार, मुलं कुठे फिरतील हे तिथेच सांगून परवानगी घ्या. देणं-घेणं उजव्या हाताने, गुडघे झाकलेले. मंडिंका भाषेत आभाराला 'अबराका' म्हणतात. मुलांना एवढा शब्द शिकवाच.

काठावर जमलेल्या पोरांना गोळ्या-पेनं वाटू नका. दुसऱ्या दिवशी भांडणं होतात आणि पुढच्या बोटीकडे हात पसरले जातात. वह्या द्यायच्याच असतील तर मुख्याध्यापकांकडे द्या. जेवायचं बोलावणं आलं तर जरूर जा. शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं दोमोदा भाताबरोबर मिळेल. दाण्याच्या आमटीवर वाढलेल्या मुलांना ते नक्की आवडेल.

प्रश्न : मुलांना नदीत पोहू द्यावं का?
(तेच वाचक)

उत्तर : गोड्या पाण्यात नाही. त्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा परजीवी जंतांचा आजार होतो. जंतांच्या अळ्या काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात. अंग खसखसून पुसल्याने खात्रीचं संरक्षण मिळत नाही. खाऱ्या पाण्यात हा धोका नाही, पण मगरी आहेत, आणि बऱ्याच वर पाणघोडेही. कांदळवन संपून उंच गवत लागलं की पाणी गोडं समजा. अंघोळीचं पाणी झाकलेल्या टाकीत दोन दिवस साठवून मग वापरा. पिण्यासाठी तुरटी फिरवून गाळ बसवा, निवळी कापडातून गाळा आणि खळखळून एक मिनिट उकळा. पाण्यात पाय गेलेच असतील तर लघवीतून रक्त येण्याची वाट पाहू नका. दोनेक महिन्यांनी चौघांचीही तपासणी करा. प्राझिक्वांटेल या औषधाने हा आजार बरा होतो.