वाचक विचारतात : कासिनोचा कडा, सेनिओचा बांध

प्रश्न : ११ मे १९४४ च्या रात्री इटलीत माँटे कासिनोच्या आघाडीवर सुमारे १,६०० तोफा धडधडल्या, तरी पोलिश सैनिकांचा पहिला हल्ला का फसला? (अमळनेर)

उत्तर : तोफा पुष्कळ होत्या, पण जमीन शत्रूच्या बाजूने होती. मारा रात्री ११ ला सुरू झाला आणि १ वाजता जनरल आंदर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरच्या दोन डिव्हिजन कासिनोच्या डोंगरमाथ्यावरच्या ख्रिस्ती मठामागच्या कड्यांवर चढू लागल्या. टेकडीच्या पाठच्या उतारावर, गुहेत किंवा दगडी बंकरमध्ये बसलेल्या जर्मन छत्रीधारी सैनिकांपर्यंत तोफेचा गोळा सहसा पोचत नाही. तो माथ्यावरून निघून जातो. मारा पुढे सरकला की ते बाहेर येऊन मशीनगन लावत.

तापीकाठच्या काळ्या मातीत कुदळ सहज शिरते. कासिनोला सगळा चुनखडीचा खडक! खंदक खणता येईना, म्हणून दगड रचून आडोसे केले. तोफगोळा फुटला की त्याच दगडांच्या कपच्या माणसांना लागत. त्यात सुरुंग. जर्मनांचा 'शू' सुरुंग लाकडी पेटीतला, धातू अगदी नाममात्र, त्यामुळे शोधयंत्र गप्प राहायचं. सॅपरने (सुरुंग काढणाऱ्या सैनिकाने) पालथं पडून संगीन तिरकी खुपसत वीतवीत जमीन तपासायची, तीही गोळीबारात. तोवर रणगाडे मागेच अडकलेले. ५९३ नंबरची टेकडी (नंबर म्हणजे मीटरमधली उंची) पोलिशांनी घेतली, पण शेजारच्या टेकड्यांवरून मारा होत राहिला. दारूगोळा आणि पाणी रात्री खेचरांवरून आणि शेवटचा टप्पा माणसांच्या पाठीवरून यायचं. दिवसा काहीच वर येईना. १२ मेच्या दुपारी आंदर्स यांनी माघारीचा हुकूम दिला.

१७ मेला दुसरा हल्ला झाला. तोवर खाली लिरी खोऱ्यात ब्रिटिश पुढे सरकले होते, जर्मनांची परतीची वाट तुटायला आली होती. ते रात्रीत निघाले आणि १८ मेच्या सकाळी पोलिश लान्सर्स रेजिमेंटच्या गस्ती तुकडीने मठाच्या अवशेषांवर निशाण लावलं. 'मठ रिकामाच मिळाला' असं म्हणणं अन्यायाचं आहे : ९२३ ठार, २,९३१ जखमी, ३४५ बेपत्ता ही त्याची किंमत होती.

प्रश्न : पोलंड तर शत्रूच्या ताब्यात होता. मग हे सैन्य आलं कुठून? (धुळे)

उत्तर : मुख्यतः रशियातून. १९३९ नंतर तिथे हद्दपार केलेल्या पोलिशांची १९४१ च्या पोलंड-रशिया करारानंतर सुटका झाली, फौज उभी राहिली आणि १९४२ मध्ये ती इराणात आली. बरोबर बायकामुलंही होती. त्यांच्यातल्या हजारो जणांना कोल्हापूरजवळ वळिवडे इथे आसरा मिळाला.

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 'इटलीत पोलिश आमच्या शेजारी लढले' असं सांगत. खरं असेल का? (चोपडा)

उत्तर : पहिल्या बटालियनमध्ये असतील तर नक्कीच. ९ एप्रिल १९४५ ला उत्तर इटलीतल्या सेनिओ नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन (पहिली बटालियन हिच्यातच होती), मधे न्यूझीलंडवाले आणि पलीकडे पोलिश, असा एकाच संध्याकाळी हल्ला झाला. नदीचे बांध उंच आणि जर्मनांनी आतून पोखरलेले. तिथेच शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांमधून अलीकडे आणलं आणि मग तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी पोलिशांवर मात्र चुकून मित्रराष्ट्रांच्याच विमानांचे बॉम्ब पडले.

पडताळण्यासाठी आधी पेटीतली पदकं बघा. सहा टोकांचा तारा आणि लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशा पाच सारख्या पट्ट्यांची फीत असेल तर तो 'इटली स्टार'. मग डिस्चार्ज बुकातून सैनिक क्रमांक आणि बटालियनचा नंबर टिपून घ्या. तिसरी बटालियनही इटलीत होती, पण दहाव्या डिव्हिजनमध्ये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे अर्ज करा. शोध बहुतेकदा नावावर अडतो : इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं असतं, म्हणून क्रमांकच वर लिहा. आणि जिल्हा 'जळगाव' एवढाच लिहू नका. चोपडा तेव्हा पूर्व खान्देशात होतं, जुन्या नोंदीत तेच नाव सापडेल.