आहाराच्या सल्ल्यांतलं खरं-खोटं: सुरुवात इथून करा

सगळं एकदम वाचायला जाऊ नका. आधी एवढंच पाहा: सांगणारा शेवटी काही विकतोय का? 'डिटॉक्स'च्या, म्हणजे शरीर 'शुद्ध' करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या रसाचं उदाहरण घ्या. शरीरातली घाण बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच.

मग 'किती?' हा प्रश्न विचारा. 'साखरेऐवजी गुळाचा चहा प्या, लोह मिळतं' हा सल्लाच बघा. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण गूळ बहुतांशी साखरच, उष्मांकही जवळपास तेवढेच. चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य, त्यात चहा लोहाचं शोषण कमी करतो. मधुमेह असलेल्यांना 'गूळ चालतो' असं सांगणं तर घातकच. याउलट पालेभाजीवर लिंबू पिळायचा घरचा सल्ला पक्का आहे. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एकाच्या अनुभवाला पुरावा मानतात.
- पाकिटाच्या पुढची जाहिरात वाचतात, मागची घटकांची यादी नाही. वजनाने सर्वात जास्त असलेला घटक त्या यादीत पहिला असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहार मार्गदर्शक तत्त्वं चाळा. शोधनिबंध नंतर, घाई नाही. औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका.