आईबाबांच्या जुन्या घराच्या तळघरात ४० वर्षांचं सामान साठलंय, ते रिकामं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की तळघर वर्षानुवर्षं कोणी नीट उघडलेलं नाही, आई एकही वस्तू टाकू देत नाहीत, घर पाडायला दोन महिने उरलेत, म्हणून त्या गावाला गेल्या की माणसं लावून एका दिवसात सगळं काढून टाकावं का. नका हो असं करू. आम्ही नेमकं हेच केलं होतं, एका रविवारपुरतं का होईना, आणि त्याचा त्रास ज्यांना झाला त्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता.

आमचा वाडा पुण्यात नारायण पेठेत. मालक आम्ही आणि पाच भाडेकरू. वाड्याखाली तळघर, उतरायला सोळा दगडी पायऱ्या, पूर्वी तिथे धान्य आणि सरपण असायचं, नंतर ज्याच्या घरात जागा पुरेना त्याने खाली नेऊन ठेवायचं असं सुरू झालं. म्हणजे सामान एका घराचं नाही, सहा बिऱ्हाडांचं, त्यातली दोन बिऱ्हाडं तर कधीच सोडून गेलेली. २०१९ मध्ये वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा ते रिकामं करायची वेळ आली. सासूबाईंना, आई म्हणतो आम्ही त्यांना, तेव्हा ८४ वर्षं पूर्ण होती. त्यांना आम्ही वन्संकडे पाठवलं, धुळीने दमा उठेल असं सांगून, पण खरं कारण हेच की त्या प्रत्येक गोष्टीला आडव्या येतील. मी, आमचे हे, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई, बरोबर दोन हमाल. संध्याकाळी साडेपाचला रद्दीचा एक टेम्पो भरून गेला, आणि आम्हाला काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

बुधवारी मागच्या खोलीतल्या काकू आल्या. एकट्या असतात, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. विचारत होत्या की खाली निळ्या कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं ते कुठे ठेवलंय. त्यात त्यांच्या भाडेपावत्या होत्या, पार लग्न होऊन इथे आल्यापासूनच्या. तुम्हाला सांगते, भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळायची तर तो भाडेकरू आहे हे कागदावर दाखवावं लागतं, भाडं घेतलं की लेखी पावती द्यायची हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिहिलंय, आणि त्या पावत्याच मग पुरावा म्हणून कामी येतात. बरं, आमच्याकडे पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती तरी असायला हव्या होत्या, पण त्याही त्याच टेम्पोत गेल्या. हे तसेच रद्दीवाल्याकडे धावले, अर्धा माल पुढे गेलेला, उरलेल्यात हात घालून घालून १९८७ ते १९९९ च्या पावत्यांचा गठ्ठा सापडला, बाकीचं गेलं ते गेलं. मग रेशनकार्ड, जुनी लाइटबिलं, आमची सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं, वकिलाकडे चकरा, असं करत चार महिन्यांनी काकूंचं नाव यादीत आलं. मिळाली त्यांना जागा, पण ते चार महिने त्या जिन्यात दिसल्या की मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

तर पुढच्या रविवारी आईंना परत आणलं, चौकात वरच्या पायरीपासून जरा लांब तुळशीजवळ खुर्ची टाकली, नाकाला ओला रुमाल दिला, आणि एकेक वस्तू वर आणून त्यांच्यासमोर ठेवायची आणि विचारायचं, ही कोणाची? एवढंच. टाकू का ठेवू हा प्रश्नच नाही विचारायचा. तुम्हाला माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच आहे, पहिला प्रश्न "कोणाचं" हा असू दे. कारण ते उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे, आणि ते एकदा मिळालं की पुढचं बहुतेक वेळा आपोआप ठरतं. बर्नरवाले तीन स्टोव्ह निघाले, आई म्हणाल्या हे वरच्या मास्तरांचे, मुलगा नाशिकला असतो, फोन करून विचार. केला, तो म्हणाला देऊन टाका. पाळणा निघाला, शिसवी, त्यात माझे यजमान, भाऊजी, वन्सं सगळे झोपलेले, मला वाटलं आता आई रडणार, तर म्हणाल्या त्याचे कोयंडे झिजलेत, लहान मूल घालायचं नाही त्यात, लाकूड चांगलंय सुताराला द्या. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की त्या टाकू देत नाहीत, पण त्यांच्यासमोर बसून एकेका वस्तूचं कधी कोणी विचारलंच नव्हतं, नुसतं "ती अडगळ काढायला हवी" एवढंच म्हणत होतो, आणि अडगळ म्हटलं की त्यांना राग यायचा, यायचाच.

एकाच वस्तूपाशी त्या थांबल्या. पितळेचा मिसळणाचा डबा, वाट्या नाहीत, नुसता डबा, काळा पडलेला. झाकण इतकं घट्ट की भाऊजींनी उलथन्याने उचकटलं. आत तळाला मातीचा पातळ थर होता, वाळून पापडासारखा तडकलेला. आईंनी त्यातली एक खपली चिमटीत धरून कुस्करली, वास घेतला आणि म्हणाल्या, हा एकसष्टचा गाळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांबरोबर आमच्या वाड्यातही पाणी घुसलं होतं, तळघर तर छतापर्यंत भरलं होतं. आई तेव्हा २६ वर्षांच्या, थोरल्या वन्सं कडेवर. तो डबा रुखवतातला, पाण्यात गेला असं धरून चालल्या होत्या. चिखल उपसताना कोणीतरी उचलून कोनाड्यात सरकवला असणार आणि तिथेच राहिला ५८ वर्षं. आणि त्यानंतर जे त्या बोलल्या, दीड तास, पाणी कसं आलं, कोण कुठे चढलं, धान्य सडल्याचा वास किती दिवस होता, ते माझ्या यजमानांनीसुद्धा कधी ऐकलेलं नव्हतं. मी फोनवर रेकॉर्ड केलं. तुम्ही पण करा, फोन नुसता बाजूला चालू ठेवा.

आता कामाचं. तळघर बरीच वर्षं बंद असेल तर दार उघडून लगेच उतरू नका. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं होती ती ज्यांना माहीत आहेत त्यांना माहीत असेल, पेव उघडलं की आधी हवा खेळू द्यायची, मग माणूस आत, कारण बंद जागेत हवा खराब झालेली असते आणि माणूस शुद्ध हरपून पडतो. दोन दिवस दार उघडं ठेवा, टेबल फॅन लावा, आणि एकट्याने कधीच जाऊ नका. कोरडा झाडू मारायचा नाही, आधी फिनेलचं पाणी शिंपडायचं, कारण उंदरांची घाण असतेच आणि ओल असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून होणाऱ्या तापाची भीती, हातापायाला साधं खरचटलेलं असेल तरी गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पाट, फळ्या, फरश्या उचलताना आपल्या बाजूची कड आधी उचलू नका, पलीकडची उचला, म्हणजे खाली विंचू असला तर तुमच्याकडे न येता पलीकडे जाईल. आमच्याकडे दोन निघाले. गॅमेक्झिन या कीटकनाशकाचा जुना डबा, शेतीचं औषध, घासलेटचे कॅन असलं काही मिळालं तर ते ओतून देऊ नका नि कचऱ्यातही टाकू नका, वेगळं ठेवून महापालिकेच्या लोकांना दाखवा.

कागद सगळ्यात शेवटी आणि घरातल्या माणसाने बघायचे, हमालाने नाही. एक एक पान. आम्हाला सासऱ्यांच्या नावाची शेअर सर्टिफिकेटं मिळाली, कागदी, दोन कंपन्यांची. असे कागद फाडू नका. सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी घेतला नाही की शेअर सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडात जातात, पण वारसाला मागता येतात, वेळ लागतो, कागदपत्रं लागतात पण मिळतात, आम्हाला एका कंपनीचे मिळाले. जुनं पासबुक मिळालं तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३ पासून, त्यावर नाव टाकून बघता येतं की कुठल्या बँकेत पैसे पडून आहेत का. दहा वर्षं खातं हललं नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, पण हक्क जात नाही. आणि डब्यात, गादीत जुन्या ५००-१००० च्या नोटा निघाल्या, बायकांनी साठवलेल्या असतातच, तर त्या आता बदलून मिळत नाहीत, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, नाणी-नोटांचा संग्रह किंवा अभ्यास करणाऱ्यांना २५ पर्यंत चालतात. कोणी बदलून देतो म्हणून पैसे मागितले तर त्याच्या नादी लागू नका.

मोडी लिपीतले कागद निघाले तर आपल्याला वाचता येत नाही म्हणून रद्दी समजू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेलं, तिथे अशा घराघरांतल्याच कागदांचा केवढा संग्रह आहे, आणि मोडी वाचणारी माणसं आता बऱ्याच गावांत मिळतात. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, धुतलेल्या सुती रुमालात बांधून ठेवा, दप्तरखान्यात अजून कागदांच्या बासनाला रुमालच म्हणतात. काचेला चिकटलेले फोटो ओढून काढू नका, काचेसकटच मोबाइलने त्यांचा फोटो घेऊन ठेवा. आणि वस्तूंचं म्हणाल तर आपल्याला जे क्षुल्लक वाटतं, अडकित्ता, दौत, कुलूप, समई, तेच गोळा करून दिनकर केळकरांनी पुण्यात अख्खं संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये राज्याला देऊन टाकलं, एकदा आईंना घेऊन बघून या, त्यांना तिथली निम्मी भांडी नावानिशी माहीत असतील.

भांडी विकायचीच असतील तर तांबं, पितळ आणि कासं आधी घरीच वेगळं करा, तिन्हींचा भाव वेगळा, एकत्र दिलं तर सगळं पितळेच्या भावात जातं. कासं वाजवलं की घंटेसारखा आवाज देतं आणि पडलं तर फुटतं. बंब देताना आतली लोखंडी जाळी काढून वजन करायला सांगा, आणि दोन दुकानं फिरा. नऊवारी लुगडी बोहारणीला देण्याआधी पदर बघा, त्यातली जरतार खरी असेल तर त्यात चांदी असते, नुसत्या एका स्टीलच्या डब्यावर घालवू नका. विरलेली सुती लुगडी गोधडीला देता येतात, आम्ही चार शिवून घेतल्या. इलेक्ट्रिकचं जुनं सामान, पेपर, काच, जुन्या चपला हे आम्ही आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना बोलावून दिलं, त्यांना कुठलं कुठे जातं ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, तिथे भाऊजी दोन खेपा घेऊन गेले, पैसे फार नाही आले पण वस्तू वापरणाऱ्याच्या हातात गेल्या. कापसाच्या ओल्या गाद्या आणि थर्माकोलची मखरं मात्र कोणीच घेत नाही, त्याला इलाज नाही.

आम्हाला एकूण नऊ रविवार लागले. दोन महिन्यांत तुमचंही होईल, पण सुरुवात या आठवड्यातच करा. या रविवारी सामानाला हात लावू नका, फक्त दार उघडा, पंखा लावा, आणि आईंना सांगा की पुढच्या रविवारी तुम्ही वर खुर्चीत बसायचंय आणि आम्ही एकेक वस्तू आणून तुम्हाला विचारणार आहोत. एक वही घ्या, त्यात दोनच रकाने, वस्तू आणि कोणाची. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, भाडेकरूंचं, भावकीचं काही खाली असेल तर आत्ताच सगळ्यांना फोन करून तारीख सांगून ठेवा. आमच्या काकूंचं ते निळं कापड मात्र शेवटपर्यंत मिळालं नाही, १९८७ चा गठ्ठा आम्ही आईंच्या लुगड्याच्या एका तुकड्यात बांधून त्यांना दिला.